विश्लेषण : जुन्या छोट्या विमानांच्या शेपटीला तडे का जातात?

चकचकीत रंगाच्या खाली, रिव्हेटच्या छिद्रापाशी केसाएवढी भेग तयार होते आणि अनेक वर्षे कुणाला दिसत नाही. पायलट होऊ पाहणारे विद्यार्थी ज्या छोट्या विमानांवर शिकतात त्यांतली अनेक विमाने त्यांच्या पालकांच्या वयाची असतात. या विमानांच्या शेपटीत तडे का पडतात, ते शोधतात कसे आणि त्यांकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याविषयी…

हँगरसमोर उभे असलेले चार आसनी विमान वळवायचे आहे आणि ते ओढण्याचा दांडा हाताशी नाही. अशा वेळी जगभरातील अनेक फ्लाइंग क्लबमध्ये एक सोपी युक्ती वापरली जाते. एक जण मागे जातो, आडव्या शेपटीच्या टोकावर हात ठेवून ती खाली दाबतो. पुढचे चाक जमिनीवरून उचलले जाते आणि विमान जागच्या जागी फिरते. काम दहा सेकंदांत होते.

सेसना कंपनीच्या छोट्या विमानांच्या माहितीपुस्तिकेत मात्र असे करू नका, असे स्पष्ट सांगितलेले आहे. दाबायचेच असेल तर आडव्या शेपटीच्या पुढे, विमानाच्या मुख्य सांगाड्यावर आणि तेही आतील मजबूत कड्याच्या जागी दाबावे. शेपटीच्या टोकावर दिलेला दाब मुळाशी असलेल्या पातळ पट्टीला वाकवतो. एकदा वाकवल्याने काहीच होत नाही. रोज दोन-तीनदा, वीस-तीस वर्षे वाकवल्याने होते. जुन्या सेसना विमानांच्या आडव्या शेपटीतील पुढच्या स्पारमध्ये सापडणाऱ्या तड्यांमागे ही सवय हे एक ओळखीचे कारण मानले जाते.

शेपटीचे काम काय असते?

विमान हवेत उचलून धरतात ते पंख. पण पंखांचा उचलण्याचा जोर आणि विमानाचे वजन हे दोन्ही एकाच बिंदूवर काम करत नाहीत. बहुतेक छोट्या विमानांत वजनाचा मध्यबिंदू थोडा पुढे असतो, त्यामुळे विमानाचे नाक सतत खाली झुकू पाहते. हा कल थोपवण्यासाठी आडवी शेपटी विमानाचा मागचा भाग खाली दाबून धरते. म्हणजे पंख विमानाला वर उचलत असतात, तर शेपटी जवळजवळ पूर्ण उड्डाणभर खालच्या दिशेने जोर लावत असते.

याचा परिणाम सोपा आहे. दोन्ही बाजूंची टोके खाली दाबली गेली की शेपटीचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा आक्रसतो. धातूत तडा वाढतो तो ताणामुळे. म्हणून आडव्या शेपटीची तपासणी करताना अभियंत्यांचे लक्ष वरच्या बाजूकडे आणि मुळाकडे अधिक असते.

उभी शेपटी आणि तिला जोडलेला रडर विमानाचे नाक डावी-उजवीकडे भरकटू देत नाही. एका इंजिनाच्या विमानात पुढचा पंखा हवेचा जो झोत मागे फेकतो तो फिरत फिरत थेट शेपटीवर आदळतो. इंजिनाचा थरथराट, झोताचे धक्के, उतरतानाचा हादरा हे सगळे शेपटीपर्यंत पोहोचते. प्रशिक्षणात मुद्दाम ‘स्टॉल’ करून दाखवतात, म्हणजे पंखांवरील हवेचा प्रवाह तुटेपर्यंत वेग कमी करतात. तेव्हा ती विस्कटलेली हवाही शेपटीलाच झोडपते.

धातू थकतो म्हणजे नेमके काय होते?

बांधकामावर सळया बांधणारा कामगार पक्कड हाताशी नसेल तर तार चार-सहा वेळा पुढे-मागे वाकवतो आणि तोडतो. ती तार ओढून तोडायची म्हटली तर हाताने तुटणार नाही. पण वाकवत राहिले की तुटते. धातूच्या थकव्याचे हे सगळ्यात साधे उदाहरण. धातू एका झटक्यात जेवढा भार सहज सोसतो त्याहून कितीतरी कमी भार पुन:पुन्हा पडला तरी तो अखेर तुटतो.

ही गोष्ट विमानांच्याही आधी रेल्वेने शिकवली. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ झालेल्या भीषण रेल्वे अपघाताचे कारण इंजिनाचा तुटलेला आस होते. पुढे जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि किती भार किती वेळा दिला की धातू तुटतो, याचा हिशेब मांडला. त्या हिशेबातून पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांतला एक महत्त्वाचा फरक पुढे स्पष्ट झाला. पोलादावरील भार ठरावीक मर्यादेखाली ठेवला तर ते जवळजवळ कायम टिकू शकते. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. भार लहान असला तर तडा पडायला अधिक काळ लागतो, इतकेच. आणि छोट्या विमानांचा सांगाडा मुख्यत: अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो.

तडा पडतो तो सहसा एखाद्या छिद्राच्या काठावर, ओरखड्यावर किंवा गंजाच्या खड्ड्यावर. सपाट पट्टीला गोल छिद्र पाडले की त्या छिद्राच्या काठावरील ताण बाकीच्या पट्टीच्या सुमारे तिप्पट होतो. विमानाच्या शेपटीत तर रिव्हेट आणि बोल्टसाठी शेकडो छिद्रे असतात. सुरुवातीला तडा इतका बारीक असतो की भिंगाखालीही दिसत नाही. प्रत्येक उड्डाणात तो थोडा पुढे सरकतो. जसजसा वाढतो तसतसा उरलेल्या धातूवरचा भार वाढतो आणि तड्याचा वेगही वाढतो. शेवटी उरलेला भाग एकाच झटक्यात तुटतो.

तुटलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर समुद्राच्या वाळूवर लाटा मागे सोडतात तशा रेषा दिसतात. अपघातानंतर तपास अधिकारी त्या रेषा वाचून तडा कुठून निघाला आणि किती उड्डाणे वाढत होता याचा अंदाज बांधतात.

तडे शेपटीत कुठे सापडतात?

मुख्य जागा तीन. पहिली, आडव्या शेपटीतील स्पार, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारी मुख्य पट्टी. ती मुळाशी, जिथे विमानाच्या सांगाड्याला जोडलेली असते तिथे सगळ्यात जास्त वाकते. दुसरी, शेपटी सांगाड्याला धरून ठेवणारे ब्रॅकेट आणि बिजागऱ्या. तिसरी, निमुळत्या मागच्या सांगाड्यातील आधाराच्या कोनपट्ट्या.

या शेवटच्या दोन जागांसाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, म्हणजे एफएएने, २०२० मध्ये सेसना १८०, १८५ आणि १८२ च्या सुरुवातीच्या मॉडेलसाठी आदेश काढला. १८५ मॉडेलच्या एका विमानात मागच्या सांगाड्यात आणि आडवी शेपटी जोडणाऱ्या भागात तडे आढळले होते. जुन्या नोंदी चाळल्यावर तशाच तक्रारी आणखी निघाल्या. जोडणीची रचना आणि उतरताना बसणारा मोठा भार या दोन्हींच्या एकत्र परिणामामुळे तडे पडतात, असा निष्कर्ष एफएएने काढला.

ही विमाने समजून घेतली तर कारण लगेच लक्षात येते. १८० आणि १८५ या विमानांना पुढे दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक छोटे चाक असते. जंगलातल्या, डोंगरातल्या कच्च्या धावपट्ट्यांवर उतरण्यासाठी ती नावाजलेली आहेत. प्रत्येक खडबडीत लँडिंगचा दणका शेपटीच्या चाकातून थेट मागच्या सांगाड्यात जातो. त्यात या विमानांची आडवी शेपटी एका जागी पक्की बसवलेली नसते. नाकाचा कल साधण्यासाठी ती सगळीच बिजागऱ्यांवर थोडी वर-खाली कलते. त्यामुळे तिचा सगळा भार मोजक्या ब्रॅकेटमधून जातो. १८० चे उत्पादन १९८१ मध्ये थांबले आणि १८५ चे १९८५ मध्ये. म्हणजे यांतले सर्वांत ‘नवे’ विमानही आज चाळिशीत आहे.

शेपटीचे तडे फक्त जुन्या विमानांत सापडतात असेही नाही. लोक स्वत: घरी जुळवतात अशा ‘आरव्ही’ मालिकेतील काही मॉडेलच्या आडव्या शेपटीच्या पुढच्या स्पारमध्ये तडे आढळल्याने व्हॅन्स एअरक्राफ्ट या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये तपासणीची सूचना काढली होती. तिथेही जागा तीच होती, मुळाजवळची.

इतकी जुनी विमाने उडतातच कशी?

अमेरिकेत एका पिस्टन इंजिनाच्या विमानांचे सरासरी वय ४० वर्षांहून अधिक आहे. त्यामागे एक आर्थिक कारण आहे. साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकी कंपन्यांनी अशी विमाने हजारोंनी बनवली. सेसना १५० हे एकच दोन आसनी मॉडेल २३ हजारांहून अधिक संख्येने तयार झाले. पुढे मागणी घटली आणि अपघातांनंतर उत्पादकांवर होणाऱ्या भरपाईच्या दाव्यांचा खर्च वाढला. सेसनाने १९८६ मध्ये एका पिस्टन इंजिनाच्या विमानांचे उत्पादनच बंद केले. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून १८ वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानांबाबत उत्पादकांची जबाबदारी मर्यादित केली. त्यानंतर सेसना १७२ पुन्हा बनू लागले, पण पूर्वीच्या मानाने कमी संख्येने आणि खूप चढ्या किमतीत.

परिणामी जगभरच्या फ्लाइंग क्लबांनी जुनी विमाने दुरुस्त करत वापरणे सुरू ठेवले. इंजिन ठरावीक तासांनी पूर्ण खोलून नव्यासारखे करता येते. यंत्रे बदलता येतात, आसने बदलता येतात, रंग नवा देता येतो. सांगाडा मात्र तोच राहतो. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यात ठोकलेले रिव्हेट आजही तोच भार पेलत असतात.

नियमांत शेपटी मागे कशी राहिली?

सेसना १७२ चे पहिले उड्डाण १९५५ मधले. त्या काळच्या अमेरिकी नियमांनुसार विमानाचा सांगाडा जास्तीत जास्त किती भार पेलतो, हे सिद्ध करावे लागत असे. तोच भार लाखो वेळा पडला तर काय, हा प्रश्न छोट्या विमानांच्या पंखांना किंवा शेपटीला कुणी विचारत नव्हते.

१९५४ मध्ये ब्रिटिश ‘कॉमेट’ जेट विमाने हवेतच फुटली आणि तपासात धातूचा थकवा समोर आला. त्यानंतर हवेचा दाब राखणाऱ्या केबिनबाबत नियम कडक झाले. छोट्या विमानांच्या पंखांसाठी थकव्याची चाचणी किंवा गणित १९६९ मध्ये सक्तीचे झाले. शेपटीचा समावेश व्हायला त्यानंतर आणखी सुमारे दोन दशके जावी लागली.

नवे नियम सहसा नव्या मॉडेलना लागू होतात. ज्या मॉडेलला जुन्या नियमांखाली मान्यता मिळाली ते त्याच नियमांखाली उडत राहते. म्हणून आज आकाशात अशी हजारो विमाने आहेत, ज्यांची शेपटी किती तास टिकेल याचे गणित ती बनवताना कुणी केलेलेच नव्हते. ते उत्तर तपासणीतून आणि काही वेळा अपघातांतून मिळत गेले.

तडा हातातून निसटला तर काय होते?

शेपटीच्या थकव्याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण मोठ्या विमानाचे आहे. १४ मे १९७७ रोजी डॅन-एअर या ब्रिटिश कंपनीचे बोइंग ७०७ मालवाहू विमान झांबियाची राजधानी लुसाका येथे उतरण्याच्या तयारीत होते. धावपट्टी काही किलोमीटरवर असताना उजवी आडवी शेपटी सुटून पडली. मागून खाली दाबणारा जोर एकाएकी गेल्याने विमानाचे नाक खाली गेले आणि ते कोसळले. विमानातील सहाही जण ठार झाले. विमान १९६३ मध्ये बनलेले होते आणि त्याचे ४७ हजार तासांहून अधिक उड्डाण झाले होते.

तपासात दिसले की शेपटीच्या मागच्या स्पारची वरची पट्टी थकव्याने तडकली होती. म्हणजे पुन्हा वरची, ताणली जाणारी बाजू. एक भाग तुटला तरी दुसरा भार पेलेल, अशी त्या शेपटीची रचना केली होती. ती प्रत्यक्षात पुरेशी ठरली नाही. त्याहून मोठा धडा तपासणीचा होता. तुटलेला पहिला भाग वेळेत नजरेस पडला तरच दुसऱ्या भागाच्या आधाराला अर्थ असतो. या अपघातानंतर इतर ७०७ विमानांच्या शेपट्या तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या काहींमध्येही तडे सापडले. ‘वृद्ध’ विमानांची तपासणी वेगळी असावी, हा विचार यानंतर जोर धरू लागला.

छोट्या विमानांतले अलीकडचे दोन अपघात पंखांचे आहेत, पण कारण तेच आहे. २६ मे २०१९ रोजी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधील माउंट आयझाजवळ भूगर्भ सर्वेक्षण करणाऱ्या सेसना २१० विमानाचा उजवा पंख हवेतच तुटला. दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही पंखांचा भार पेलणाऱ्या मधल्या तुळईत एका गंजाच्या खड्ड्यापासून तडा सुरू झाला होता.

त्याआधी ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत फ्लोरिडातील डेटोना बीच येथे पायपर पीए-२८आर या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख उड्डाणानंतर लगेच तुटला. परीक्षा देणारा विद्यार्थी आणि परीक्षक, दोघेही दगावले. हे विमान २००७ मधले, म्हणजे केवळ ११ वर्षांचे होते.

मग विमानाचे वय मोजायचे कसे?

डेटोना बीचच्या अपघाताने हाच प्रश्न पुढे आणला. त्या विमानाचे ७,६९० तास उड्डाण झाले होते, पण लँडिंगची संख्या ३३ हजारांहून अधिक होती. म्हणजे दर तासाला चारपेक्षा जास्त वेळा ते उतरले होते. विद्यार्थी लँडिंग शिकत असताना हेच होते. उतरायचे, चाके टेकली की पुन्हा वेग घ्यायचा, फेरी मारायची आणि पुन्हा उतरायचे. त्यात नवशिक्या हातांचे दणकेही आले. खासगी मालक तेच विमान एका शहरातून दुसऱ्या शहरात नेतो, तेव्हा दोन तासांत एकदाच उतरतो.

एफएएने या मॉडेलच्या तपासणीचा आदेश काढताना एक वेगळे सूत्र वापरले. प्रशिक्षणासाठी किंवा भाड्याने वापरलेल्या विमानांची दर १०० तासांनी तपासणी सक्तीची असते. त्या तपासण्या किती झाल्या यावरून कठोर वापराचे तास मोजायचे. उरलेल्या तासांना १७ ने भागायचे आणि दोन्हींची बेरीज करायची. ती ५ हजारांवर गेली की पंखाच्या बोल्टची छिद्रे तपासायची. थोडक्यात, झिजेच्या हिशेबात प्रशिक्षणाचा एक तास हा खासगी वापराच्या १७ तासांइतका धरला गेला.

गंजाचे गणित याच्या उलट चालते. विमान उडो वा न उडो, दमट आणि खाऱ्या हवेत उभे असले तरी गंजते. म्हणून सेसनाने आपल्या जुन्या मॉडेलसाठी जी पुरवणी तपासणी पुस्तिका काढली, तिच्यात तास आणि वर्षे अशा दोन मर्यादा दिल्या आहेत. जी आधी पूर्ण होईल ती लागू. कोणत्या प्रदेशात गंजाचा धोका किती, हे दाखवणारे नकाशेही तिच्यात आहेत. ऑस्ट्रेलियाने या तपासण्या बंधनकारक केल्या. अमेरिकेत खासगी मालकांवर त्यांची सक्ती नाही.

तडे शोधतात कसे?

पहिले साधन म्हणजे डोळे, बॅटरी, छोटा आरसा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग. शेपटीच्या आतील भाग पाहण्यासाठी झाकणे उघडावी लागतात. जिथे हात पोहोचत नाही तिथे नळीसारखा कॅमेरा आत सोडतात. रंग आणि धूळ तडे लपवतात, त्यामुळे आधी जागा स्वच्छ करणे हे निम्मे काम असते.

दुसरे साधन रंगद्रव्याचे. स्वच्छ केलेल्या धातूवर भडक रंगाचे पातळ द्रव्य लावतात. ते तड्यात झिरपते. वरचे पुसून त्यावर पांढरी भुकटी मारली की तड्यात उरलेले द्रव्य बाहेर येते आणि तड्याची रेघ दिसू लागते. मात्र त्यासाठी तडा पृष्ठभागापर्यंत आलेला असावा लागतो.

तिसरे साधन ‘एडी करंट’ तपासणीचे. विजेची बारीक वेटोळी असलेले टोक धातूवर किंवा बोल्टच्या छिद्रात फिरवतात. धातूत निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह तड्यापाशी अडतो आणि यंत्रावरची रेषा उसळी मारते. डोळ्यांना न दिसणारा तडाही यात सापडतो. डेटोना बीचच्या विमानातील तडा जोडणीच्या आत दडलेला होता. तो नेहमीच्या नजरेच्या तपासणीत दिसण्यासारखा नव्हता. पण एडी करंट तपासणीला प्रशिक्षित माणूस लागतो, यंत्र लागते आणि विमान काही काळ जमिनीवर ठेवावे लागते.

तडा सापडल्यावर पुढे काय?

पत्र्यावरचा किरकोळ तडा असेल तर त्याच्या टोकाशी छोटे गोल छिद्र पाडण्याची जुनी पद्धत आहे. तड्याचे धारदार टोक नाहीसे झाले की ताण पसरतो आणि तडा थांबतो. पण हा उपाय कमी महत्त्वाच्या भागांपुरता आहे. स्पार, ब्रॅकेट किंवा बिजागरी तडकली असेल तर भाग बदलणे किंवा उत्पादकाने मान्य केलेल्या पद्धतीने जोडपट्टी बसवणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी शेपटी उतरवावी लागते, जुने रिव्हेट एकेक करून काढावे लागतात. ते काढताना छिद्र वाकडे झाले तर दुरुस्तीच नव्या तड्याचे बीज ठरते.

खर्चाचा पेच इथेच येतो. जुन्या विमानाची बाजारातील किंमत कमी आणि शेपटीची मोठी दुरुस्ती महाग. उत्पादन थांबलेल्या मॉडेलचे भाग मिळायलाही वेळ लागतो. प्रशिक्षण संस्थेचे विमान उभे राहिले की विद्यार्थ्यांचे तास रखडतात. त्यामुळे ‘पुढच्या तपासणीत बघू’ म्हणण्याचा मोह होऊ शकतो. तडा मात्र पुढच्या तपासणीची वाट पाहत थांबत नाही. म्हणूनच अशा दोषांबाबत नियामक संस्थेचा बंधनकारक आदेश निघतो. तो पाळला नाही तर विमान कायदेशीररीत्या उडूच शकत नाही.

महाराष्ट्राचा संबंध काय?

बारामती, धुळे, नागपूर, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिक प्रशिक्षण चालते आणि देशभरच्या प्रशिक्षण संस्थांत सेसना १५२ व १७२ ही ओळखीची विमाने आहेत. त्यांतील १५२ चे उत्पादन १९८५ मध्येच थांबले. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. एका विमानावर वर्षाला चार विद्यार्थ्यांचे तास पूर्ण करायचे म्हटले तरी ८०० तास होतात आणि त्यातला मोठा वाटा लँडिंगच्या सरावाचा असतो. वरच्या हिशेबाने हा कठोर वापर आहे.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, विमानांच्या उड्डाणयोग्यतेवर देखरेख ठेवते. विमान ज्या देशात बनले त्या देशाच्या नियामकाने काढलेले बंधनकारक आदेश इथेही पाळावे लागतात. तपासणी झाल्याची सही परवानाधारक देखभाल अभियंता करतो. ती सही करण्याआधी झाकण उघडले गेले का, जागा स्वच्छ केली गेली का, भिंग वापरले का, हे त्याच्या हातात असते.

विद्यार्थ्याला काय दिसू शकते?

प्रत्येक उड्डाणाआधी पायलट विमानाभोवती फेरी मारतो. शेपटीपाशी त्याने एक-दोन मिनिटे जास्त थांबण्याने बरेच काही कळू शकते. रिव्हेटभोवती काळपट डाग किंवा धुरासारखा ओघळ दिसला तर तो रिव्हेट सैल होऊन घासत असण्याची शक्यता असते. मुळाजवळ रंगात सरळ बारीक रेघ, पत्र्याला पडलेली सुरकुती, बिजागरीतील जास्तीचा ढिलेपणा, हलकेच हलवल्यावर येणारा कर्रर्र आवाज, ही सगळी अभियंत्याला बोलावण्याची कारणे आहेत. दणकून लँडिंग झाले असेल तर ते नोंदवहीत लिहिणे हेही तेवढेच महत्त्वाचे. लाजेपोटी न लिहिलेल्या लँडिंगचा दणका धातूत मात्र नोंदला जातो आणि त्याच विमानात पुढच्या तासाला दुसरा विद्यार्थी बसतो.

आणि विमान वळवायचे असेल, तर ओढण्याचा दांडा शोधून आणावा. त्याला दोन मिनिटे जास्त लागतात.